जखम, जेल आणि बाबांचा अंगठा
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल' असं सांगितलं होतं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यावर दहा मिनिटं बोलले तर जेवणाची पंगत आपोआप लवकर बसेल, म्हणून विषय बदलला. गेल्या वर्षभरात मला जे शिकावं लागलं, ते सांगते.

सुरुवात आपल्या मैदानापासून करू. खो-खो खेळताना गुडघा फुटला नाही असा एकही जण इथे नसेल. मग कोणीतरी दगडीपाला चोळून लावायचं, ऑफिसात लाल औषध मिळायचं आणि पीटीचे सर म्हणायचे, "उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरली की झालं." सर समोर बसले आहेत. सर, क्षमा असावी, पण १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या शास्त्रज्ञाने डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं, की ओलसर झाकून ठेवलेल्या वरवरच्या जखमेवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने येते. खपली हा नव्या पेशींच्या वाटेतला अडथळा असतो. त्यांना तिच्या खालून, ओल शोधत सरकावं लागतं.

जखमेवरच्या जेलची कल्पना इथूनच पुढे येते. हायड्रोजेल म्हणजे लांब रेणूंची जाळी, जी पाणी धरून ठेवते. सब्जाचं बी भिजवल्यावर त्याच्याभोवती जो बुळबुळीत थर येतो, तसंच काहीसं. कोरड्या जखमेला ते ओल देतं आणि मेलेली कातडी सुटायला मदत करतं.

आता त्यात नॅनो कशासाठी? एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर रान! गणिताच्या बाईंनी हे करून बघावं, मी तीनदा केलंय. पदार्थ तेवढाच, पण काम करायला जागा प्रचंड. चांदीचे असे कण जेलमध्ये मिसळले, की त्यातून चांदीचे आयन हळूहळू सुटतात आणि जिवाणू मारतात.

२०१४ मध्ये पॅरिसच्या लुडविक लेबलर यांच्या गटाने आणखी वेगळी गोष्ट दाखवली. वाळूत असतो तो सिलिका, त्याचे नॅनोकण पाण्यात मिसळून त्याचा थेंब कापलेल्या जेलच्या दोन कडांमध्ये सोडला आणि कडा दाबून धरल्या. त्या चिकटल्या. जेलचे रेणू कणांना दोन्ही बाजूंनी धरतात आणि कण मधले सांधे बनतात. त्यांनी उंदरांच्या कातडीवरच्या आणि यकृतावरच्या जखमाही अशाच मिटवल्या, टाका न घालता.

हे सगळं मी हौसेने वाचलं नाही. बाबांसाठी वाचलं.

बाबांना वीस वर्षांचा मधुमेह. ते गावी, मी पुण्यात. नवी चप्पल लागून उजव्या अंगठ्याखाली फोड आला आणि फुटला. मी व्हिडिओ कॉलवर विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं, दुखतसुद्धा नाही." मला बरं वाटलं. तिथेच मी चुकले. मधुमेहात पायाच्या नसांची जाणीव जाते. जखम असून दुखत नाही, हीच धोक्याची खूण असते.

पण मी इंजिनियर. प्रश्न दिसला की उत्तर मागवायचं. रात्री दोन वाजेपर्यंत वाचून नॅनो-चांदीचं महागडं जेल कुरियरने पाठवलं. बाबांनी ते न चुकता लावलं. वरून जखम स्वच्छ दिसायची, मी रोज फोटो मागवून खूश व्हायचे. पाचव्या आठवड्यात ताप आला. संसर्ग हाडापर्यंत गेला होता. अंगठा काढावा लागला.

सर्जन रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "जखम झाल्यापासून हे चालायचे थांबले होते का?" बाबा रोज सकाळी तीन किलोमीटर फिरून येत होते, त्याच अंगठ्यावर भार देत. साखर वाढलेली होती. पायातला रक्तपुरवठा कोणी तपासला नव्हता. मी त्यांना एकदाही "चालू नका" म्हटलं नव्हतं. उलट, फिरणं सुटलं नाही म्हणून कौतुक केलं होतं.

आमच्या कामात नवशिक्या मुलांना मी नेहमी सांगते, की स्क्रीनवरची चूक झाकू नका, ती कुठून येते ते शोधा. घरी मी नेमकं उलट केलं.

मधुमेही पायासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना नंतर वाचल्या. जखम लवकर भरावी एवढ्यासाठी चांदीच्या पट्ट्या वापरू नका, असं त्यात स्पष्ट आहे. जास्त झालेली चांदी जिवाणूंबरोबर आपल्या नव्या पेशींनाही त्रास देते. त्यांचा भर साध्या गोष्टींवर आहे : जखमेवरचा भार काढा, मेलेली कातडी वेळच्या वेळी काढून घ्या, संसर्ग आणि रक्तपुरवठा तपासा, साखर आटोक्यात ठेवा. शस्त्रक्रियेनंतर बाबांची जखम भरली ती याच वाटेने. त्यातही जेल होतंच, डॉक्टरांनी निवडलेलं, साधं आणि स्वस्त.

मला नॅनो जेलची निंदा करायची नाही. हे संशोधन खरं आहे आणि उद्या त्यातून मोठं काही येईल, असं मला मनापासून वाटतं. पण कोणतंही जेल पायावरचं माणसाचं वजन उचलत नाही.

आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आपणही पंचेचाळिशीत आलोय, त्यामुळे या सभागृहातही तो आहेच. म्हणून, ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री तळपाय बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना सांगा. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवा. अनवाणी फिरू नका, देवळातसुद्धा आधी जमीन तापली आहे का ते बघा. आणि जखम दुखत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आपल्या तुकडीतल्या डॉक्टर मित्राने उद्या सकाळी नऊ वाजता शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात पाय तपासायचं ठरवलं आहे. नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायाला टेकवून स्पर्श कळतो का ते बघायचं, दोन मिनिटांचं काम. गुरुजनांना पहिला मान. सर, तुम्ही लहानपणी आमचे गुडघे बघितलेत, उद्या आम्हाला तुमचे पाय बघू द्या.

बाबाही येणार आहेत. नऊ बोटांनिशी, रिक्षाने. चालत येऊ नका, असं मी त्यांना बजावलं आहे.