काशीचे प्रेक्षक आणि काशीचे क्रीडांगण

काशीच्या माणसाला प्रेक्षक कसे व्हावे हे कोणी शिकवावे लागत नाही. रामनगरची रामलीला अनंत चतुर्दशीला सुरू होते आणि कोजागिरीच्या सुमारास संपते. महिनाभर रोज संध्याकाळी हजारो माणसे गंगा ओलांडून पलीकडे जातात. तेथे ना विजेचे दिवे, ना ध्वनिक्षेपक. आज प्रसंग अयोध्येत, उद्या जनकपुरीत, आणि या साऱ्या नगऱ्या रामनगरात मैल-दोन मैलांच्या अंतराने वसवलेल्या. म्हणून प्रेक्षकही प्रसंगामागोमाग पायपीट करीत असतो. नाटी इमलीच्या भरतमिलापाचे दृश्य तर अवघ्या काही मिनिटांचे. मावळत्या सूर्याच्या उजेडात चार भाऊ एकमेकांना भेटतात, आणि तेवढ्यासाठी लाखोंचा समुदाय दुपारपासून ताटकळत उभा असतो. नागपंचमीला आखाड्यांत कुस्त्या लागल्या, गदा आणि जोडी फिरू लागली, की गल्लीतला पानवालासुद्धा दुकान पोराच्या हवाली करून मातीच्या कडेला येऊन उभा राहतो.

श्रोतेहो, अशा या नगराच्या दक्षिण टोकाला सुमारे तेराशे एकरांवर काशी हिंदू विश्वविद्यालय पसरले आहे. १९१६ साली वसंतपंचमीच्या दिवशी त्याची कोनशिला बसली. पंडित मदनमोहन मालवीयांनी ते उभे केले तेव्हा विद्यार्थ्याच्या मेंदूइतकीच त्याच्या मनगटाचीही काळजी वाहिली. तेथल्या व्यायामशाळेला शिवाजी हॉल असे नाव आहे, हे कळल्यावर मराठी माणसाची छाती थोडी पुढे येते. तशी ती दुसऱ्या एका कारणानेही येते. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून पुढे जवळजवळ तीन दशके तेथे गणित शिकवीत होते, आणि त्यांचे चिरंजीव जयंतराव त्याच आवारात लहानाचे मोठे झाले. विद्येच्या बाबतीत या संस्थेला कोणाची शिफारस नको. प्रश्न तिच्या मैदानाचा आहे.

भारतातील विद्यापीठांना खेळातील एकंदर कामगिरीसाठी मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. १९५६-५७ साली तो सुरू झाला. आरंभीच्या काळात त्यावर मुंबई विद्यापीठाचे नाव कोरले गेले होते, हे आज मुंबईकरांनाही फारसे आठवत नसेल. पुढे तो पंजाबात गेला आणि तेथेच रमला. अमृतसरचे गुरु नानक देव विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झालेले, म्हणजे काशीहून त्रेपन्न वर्षांनी धाकटे. पण या करंडकाशी त्याचे घरचेच नाते आहे. अलीकडे चंदीगड विद्यापीठासारख्या खाजगी संस्थाही त्या रांगेत पुढे आल्या आहेत. काशीचे नाव मात्र त्या यादीत डोळ्यांत भरत नाही. २०२३ साली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा उत्तर प्रदेशात झाल्या. त्यांतले काही खेळ वाराणसीत झाले, ३ जूनचा समारोपही तेथेच झाला, आणि पहिल्या दोन जागा घेतल्या त्या चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाने आणि अमृतसरने. यजमानाने पाने वाढावीत आणि पाहुण्यांनी जेवून जावे, तसा हा प्रकार.

मग बनारसच्या मातीत खेळाडू निपजत नाहीत काय? महंमद शाहिद याच शहरातला. १९८० साली मॉस्कोला भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळवले, त्यात त्याच्या काठीची जादू होती. विवेक सिंह आणि राहुल सिंह हे दोघे भाऊ याच शहरातून ऑलिंपिकला गेले. ललित उपाध्याय टोकियो आणि पॅरिस या दोन्ही वेळच्या कांस्यपदक विजेत्या संघांत होता. दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा या चार सख्ख्या बहिणी भारताकडून बास्केटबॉल खेळल्या. वेटलिफ्टर पूनम यादवने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणले. एवढे धन ज्या गावात आहे त्या गावातल्या सर्वांत मोठ्या विद्यापीठाच्या झोळीत त्यातले किती पडले, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

ते का पडले नाही, याचे उत्तर बरेचसे पोटापाण्याशी जोडलेले आहे. गरीब घरातला मुलगा अठराव्या-विसाव्या वर्षी चांगला खेळू लागला, की त्याच्यापुढे दोन वाटा उभ्या राहतात. एक वाट रेल्वेची, लष्कराची किंवा पोलिसांची. तेथे पहिल्या महिन्यापासून पगार आणि पुढे पेन्शन. दुसरी विद्यापीठाची, तेथे हजेरी, सहामाही परीक्षा आणि शेवटी पदवीचा कागद. शाहिदला नोकरी दिली ती बनारसच्याच डिझेल इंजिनांच्या कारखान्याने, म्हणजे रेल्वेने. यात कोणाचा दोष काढावा? आईबापांनी पगार निवडला तर तो शहाणपणाच होय.

दुसरे कारण रचनेचे आहे आणि ते कमी लोकांच्या ध्यानात येते. पंजाबातल्या विद्यापीठांना पुष्कळ महाविद्यालये संलग्न असतात. प्रत्येक महाविद्यालयाचा आपला संघ, आपला मार्गदर्शक, आपली चुरस. त्या चाळणीतून विद्यापीठाचा संघ गाळून निघतो. काशीचे विद्यापीठ एकसंध आणि निवासी. त्याला जोडलेली महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा निवडीला माणसेच थोडी येतात, आणि जी येतात ती अवघड प्रवेशपरीक्षा ओलांडून आलेली, म्हणजे बारावीची दोन वर्षे मैदानापासून दूर राहिलेली असतात.

यावर एक झटपट उपाय आहे आणि तो अनेकांनी केला आहे. तयार खेळाडू बाहेरून आणावेत, त्यांना शुल्कमाफी, निवास आणि शिष्यवृत्ती द्यावी, पदके मोजावीत आणि जाहिरातीत छापावीत. या उपायाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. त्यातून काही गरजू मुलांचे शिक्षण होते. परंतु त्याने मैदानाभोवती माणूस उभा राहत नाही. शेजारच्या वसतिगृहातल्या मुलाने ज्याला कधी भोजनगृहात पाहिले नाही, वर्गात पाहिले नाही, त्याच्यासाठी तो घसा का फोडील? अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये आपला नामांकित फुटबॉल संघ मोडूनच टाकला, तो विद्यापीठाच्या कामाशी अशा खेळाचा मेळ बसत नाही म्हणून. तितक्या टोकाला जाण्याचे कारण नाही. पण संघ विद्यापीठाचा आहे की विद्यापीठाच्या नावाचा सदरा घातलेला आहे, हे प्रेक्षकाला बरोबर कळते.

प्रेक्षक विजयामागून येतो अशी एक समजूत आहे. माझ्या मते ती उलटी आहे, आणि त्याचा दाखला आपल्या कोल्हापुरात आहे. तेथील फुटबॉल संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले. हे संघ देशाचे विजेते नाहीत. तरीही सामन्याच्या दिवशी राजर्षी शाहू स्टेडियम भरून वाहते, कारण मैदानावर आपली गल्ली उतरलेली असते. (कधी कधी गल्लीचे भांडणही उतरते आणि पोलिसांना धावावे लागते, पण तो निराळा विषय.) पुण्यात १९६३ पासून चाललेली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा तर एकांकिकांची. तेथे ‘आव्वाज कुणाचा’ ही आरोळी उठते तेव्हा भरत नाट्य मंदिराचे छप्पर हादरते. ओरडणाऱ्या मुलांना नाट्यकलेचे वेड असतेच असे नाही. रंगमंचावर आपल्या बाकावरचा मित्र आहे, समोर शेजारचे महाविद्यालय आहे, आणि स्पर्धा दरवर्षी ठरल्या वेळी येते, एवढे त्यांना पुरते.

काशीजवळ या तिन्ही गोष्टींची सामग्री तयार आहे. कोल्हापूरला तालमी, तर काशीला आखाडे. मल्लखांबाची विद्या दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा जिवंत केली, आणि त्यांच्या परंपरेतले कोंडभटनाना गोडबोले यांच्या आखाड्याचे नाव काशीशी जोडलेले आहे. म्हणजे आपल्या लोकांचा तेथे थोडासा वाटाही आहे. तुळशीघाटावरच्या आखाड्यात अलीकडे मुलीही मातीत उतरू लागल्या आहेत. ज्यांनी तो दरवाजा उघडला त्यांना बराच विरोध पचवावा लागला असेल. या आखाड्यांतली पोरे सिंहद्वारापासून फार दूर राहत नाहीत. ती विद्यापीठाच्या आत येतात ती बहुधा विश्वनाथाच्या दर्शनाला. त्यांना दहाव्या-बाराव्या वर्षीच संध्याकाळी शिवाजी हॉलमध्ये आणि मैदानावर येऊ द्यावे, विद्यापीठाच्या मार्गदर्शकांनी त्यांना शिकवावे. आठ वर्षांनी त्यांतली काही प्रवेशाला उभी राहतील, काही राहणार नाहीत. जी राहणार नाहीत ती सामन्याला येतील, आणि घरची माणसेही बरोबर आणतील.

प्रवेश झाल्यावर त्यांचे शिक्षण कसे व्हावे हे अधिक कठीण आहे. राष्ट्रीय स्पर्धेची तारीख आणि परीक्षेची तारीख एक आली, की खेळाडू विद्यार्थी कार्यालयाच्या खिडक्यांपुढे अर्ज घेऊन हिंडू लागतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली आहे. तिचा खरा उपयोग अशा मुलांना आहे. तीन वर्षांचा अभ्यास पाच वर्षांत करू द्यावा, नोकरी लागली तरी नाव पटावर राहू द्यावे. म्हणजे पगार की पदवी हा पेच निदान थोडा सैल होईल. याला नवी इमारत लागत नाही. एक ठराव आणि तो मनापासून पाळणारा एक अधिकारी लागतो. दुसरी वस्तू पहिल्यापेक्षा दुर्मिळ, हे मला ठाऊक आहे.

आणि गंगा? ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची नौकांची शर्यत १८२९ साली सुरू झाली. टेम्सवरचा आजचा तिचा मार्ग ६.८ किलोमीटरांचा; काठावर उभे राहायला तिकीट नाही, म्हणून लाखो माणसे येतात. अस्सीपासून राजघाटापर्यंतचा पल्ला जवळजवळ तेवढाच आहे, आणि काठावर बसायला इतक्या पायऱ्या जगातल्या कोणत्या क्रीडागृहाला आहेत? काशीत दुसरे विद्यापीठही आहे: असहकाराच्या दिवसांत, १९२१ साली निघालेले काशी विद्यापीठ. एका बाजूला मालवीयांची संस्था, दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्यचळवळीची. एवढे नामी प्रतिस्पर्धी शोधून सापडणार नाहीत. वल्ही मारायला शिकवण्यासाठी परदेशी तज्ज्ञ आणण्यापूर्वी मल्लाहांच्या वस्तीत जाऊन चौकशी करावी. पावसाळ्यात गंगेचे पात्र फुगते, तेव्हा शर्यत होणार ती थंडीतच.

मला विचाराल तर आरंभ मी नौकांनी करणार नाही. त्याला पैसा आणि काही वर्षे लागतील. आरंभ करावा हॉकीच्या एका सामन्याने, या दोन विद्यापीठांमधल्या. काशी हिंदू विश्वविद्यालयाचा स्थापनादिन वसंतपंचमीला येतो. त्या दिवशी निरनिराळ्या विद्याशाखांच्या झांक्या मिरवतात आणि त्या पाहायला गावातली माणसे येतातच. हवा उत्तम असते, ऊन बोचत नाही. त्याच दिवशी दुपारी चारला सामना ठेवावा, दरवर्षी, तारीख न चुकवता. तिकीट नसावे. मध्यंतरात भाषणे नसावीत. त्या पंधरा मिनिटांत आखाड्यांच्या पहिलवानांनी गदा-जोडी फिरवावी. मैदानाच्या एका कडेला वसतिगृहांना जागा आखून द्यावी, दुसरी कड गावासाठी राखावी. पहिल्या वर्षी चारपाचशे माणसे आली तरी संयोजकांनी खुर्च्या उचलू नयेत.