पोटाकडून ओळखायचा कोळी

आज मी एका कोळ्याबद्दल बोलणार आहे. हे ऐकूनच काहींच्या अंगावर काटा आला असेल, तर थोडा धीर धरा.

टॅरंटुला म्हटलं की आपल्याला ॲमेझॉनचं जंगल आठवतं. पण पोसिलोथेरिया ही टॅरंटुलांची अख्खी प्रजाती जगात फक्त भारतात आणि श्रीलंकेत सापडते. तिच्यात साधारण पंधरा जाती आहेत. काही पानगळीच्या जंगलात राहतात, तर रुफिलाटासारखी जाती केरळातल्या सदाहरित वर्षावनात.

हा कोळी ओळखायचा कसा? तो जमिनीत बीळ करत नाही, झाडाच्या ढोलीत राहतो. फटीत शिरता यावं म्हणून शरीर चपटं असतं. पाठीवर करड्या-पांढऱ्या रंगाची पानासारखी नक्षी असते. सालीला चिकटून बसला, तर हातभर अंतरावरूनही दिसत नाही. अमेरिकेतले बरेच टॅरंटुला अंगावरचे खाजरे केस उडवतात, याच्याकडे ते नाहीत. लपणं, पळणं आणि अगदीच अडला तर चावणं, एवढंच त्याला जमतं. चावा मात्र फार दुखतो, स्नायूंत गोळे येतात. म्हणून हात लावू नका.

गंमत पुढेच आहे. पाठीवरून या जाती सारख्याच वाटतात. खरी ओळख असते खालच्या बाजूला, विशेषतः पहिल्या आणि चौथ्या जोडीच्या पायांखाली. रिगॅलिस या जातीच्या पुढच्या पायांखाली पिवळाजर्द रंग असतो आणि पोटाखाली फिकट गुलाबी पट्टा. त्याला उलटं करायची गरज नाही. घाबरला की तो पुढचे पाय वर उचलतो आणि आपलं ओळखपत्र स्वतःच दाखवतो.

आता मेटॅलिकाची गोष्ट ऐका. हा निळा कोळी आंध्र प्रदेशातल्या गुत्तीला, रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडला. १८९९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. त्यानंतर शंभर वर्षं त्याचा पत्ता नव्हता. २००१ मध्ये तो पुन्हा दिसला, पण गुत्तीपासून सुमारे १०० किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात. गुत्तीला तो बहुधा लाकडाबरोबर मालगाडीतून आला असावा. म्हणजे त्याचं घर तोडलं गेलं, तेव्हाच आपली त्याच्याशी ओळख झाली!

आज हा कोळी 'अतिसंकटग्रस्त' आहे. जंगल कमी होतंय, आणि हौशी लोकांच्या काचपेट्यांसाठी असे कोळी विकलेही जातात. २०१९ मध्ये या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आलं. पण करार काही ढोली राखत नाही. ढोल धरायला झाड जुनं व्हावं लागतं. नवं रोप आज लावलं, तरी त्यात ढोल व्हायला कित्येक दशकं जातात.

म्हणून माझी विनंती छोटीशी आहे. 'वाळलंय, पोकळ झालंय' म्हणून एखादं जुनं झाड तोडायची वेळ आली, तर आधी संध्याकाळी टॉर्च घेऊन त्याच्या ढोलीत लांबूनच डोकावा. आत कुणी राहत असेल.