घरातला दुसरा डबा



वाईला आमचे जुने घर आहे. पुढे ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि अगदी शेवटी परसाकडची खोली. भिंती दगडमातीच्या, चांगल्या दोन फूट जाड. मागच्या खोलीत माझी आई असते. वय ८४, हृदयाचे दुखणे; म्हणून दर पंधरा दिवसांनी पुण्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल ठरलेला. इंटरनेट कंपनीच्या मुलाने फायबरची तार ओसरीपर्यंत आणली, खांबाशेजारी पांढरा डबा ठोकला आणि तो निघून गेला. ओसरीवर नेट धो धो, माजघरात रिमझिम, आईच्या खोलीत ठणठणीत कोरडे! डॉक्टर म्हणाले, "पाय दाखवा, सूज पाहतो," आणि पडद्यावर नुसते चौकोन. आई मात्र आपली "बरी आहे मी" म्हणणार. तिच्या 'बरी आहे'वर विश्वास ठेवायचा नसतो, हे डॉक्टरांनाही एव्हाना ठाऊक झाले होते. आणि तिला ओसरीवर आणायचे म्हणजे तीन उंबरे आणि दोन पायऱ्या.

माझ्या कपाटात एक जुना राउटर पडून होता. म्हटले, तारेने जोडला की झाले. तिथेच फसलो. कसा, ते सांगतो. कारण ही चूक घरोघरी होते.

कंपनीचा तो डबा दिसतो एक, पण आत कामे तीन. तारेतून आलेल्या प्रकाशाचे संदेशात रूपांतर करणे, हे मोडेमचे काम. घरातल्या प्रत्येक उपकरणाला नंबर देऊन त्याचा पत्रव्यवहार सांभाळणे, हे राउटरचे. आणि तोच व्यवहार हवेतून पोहोचवणे, हे वाय-फायचे. आपल्याला मागच्या खोलीत हवे असते फक्त हे तिसरे काम. आपण नेऊन ठेवतो मात्र आणखी एक कारभारी.

हे समजायला वाडा डोळ्यांपुढे आणा. बारा बिऱ्हाडे, पण नगरपालिकेच्या दप्तरी घरक्रमांक एकच. पोस्टमन दिंडी दरवाजापर्यंत येतो, पुढे कोणाचे पत्र कोणाला हे दरवाजावरचा माणूस वही पाहून ठरवतो. राउटर हा तो माणूस. ही युक्ती १९९४ साली मांडली गेली, तीही तात्पुरता उपाय म्हणून. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत, हे तेव्हाच दिसू लागले होते. १९९६ साली काही पत्ते फक्त खासगी, अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. म्हणून तुमच्याही डब्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असाच काहीतरी असतो आणि शेजाऱ्याच्याही डब्याचा तोच. प्रत्येक वाड्यात 'पहिली खोली' असायचीच, त्यात भांडण नाही. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटले गेले; तो तात्पुरता उपाय मात्र अजून चालू आहे.

आता माझा पराक्रम. पुढच्या डब्याच्या पिवळ्या भोकातून निघालेली तार मी मागच्या राउटरच्या तशाच भोकात खुपसली. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१. दोघेही नंबर वाटायला बसलेले. एका वाड्याला दोन दरवान, दोघांचे नाव एकच! ज्या फोनची पत्रे नव्या दरवानाच्या हाती पडली, त्याचा कारभार आटोपला. कारण नव्याच्या बाहेरच्या दाराला तार जोडलेलीच नव्हती. वहिनीचा फोन चाले, भावाचा चालेना. दहा मिनिटांनी उलटे. दोन दिवस आम्ही कंपनीला दूषणे दिली. चूक घरातच होती.

तिसऱ्या दिवशी दुसरी तऱ्हा. राउटरला एक भोक वेगळ्या रंगाचे असते, त्यावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेले असते. तार तिथे जोडली, राउटरचा आतला पत्ता बदलून १९२.१६८.२.१ केला आणि नेट सुरू झाले. बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि नुसते व्हिडिओ बघायचे, बातम्या वाचायच्या असतील तर थांबायला हरकतही नाही. आमची अडचण वेगळी. आई रात्री उठली तर कळावे म्हणून तिच्या खोलीत घरातल्या घरात चालणारा एक छोटा कॅमेरा ठेवला होता. तो ओसरीवर निजणाऱ्या भावाच्या फोनला दिसेना. कारण आता वाड्याच्या आत आणखी एक वाडा झाला होता. आतल्याला बाहेर पडता येई, पण बाहेरच्याने आतल्याला हाक मारली तर दुसऱ्या दरवानाच्या वहीत त्याची नोंदच नसे. याला 'डबल नॅट' म्हणतात. प्रिंटर सापडत नाही, टीव्हीवर फोटो जात नाहीत, मुलांचे खेळ जुळत नाहीत, या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते.

मग खरा उपाय. मागच्या राउटरची कारभारकी काढून घ्यायची आणि त्याला नुसता हवेतला दिवा करायचे. पुष्कळ राउटरांत यासाठी 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असा पर्यायच असतो. तो असेल तर निवडा, आणि तार कुठल्या भोकात घालायची ते त्या राउटरच्या पुस्तिकेप्रमाणे करा. माझ्या जुन्या राउटरात तो नव्हता. तेव्हा पुढच्या डब्यापासून तो आधी सोडवला, लॅपटॉप तारेने थेट त्यालाच जोडला आणि त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला (आकडे अर्थातच इंग्रजी). वाय-फायचे नाव आणि पासवर्ड बदलून घेतला. मग नंबर वाटण्याची सोय, म्हणजे 'डीएचसीपी', बंद केली. शेवटी त्याला मोकळा पत्ता दिला, १९२.१६८.१.२५०. तो मोकळा आहे ना, म्हणजे पुढचा डबा ज्या आकड्यांतून नंबर वाटतो त्यांच्याबाहेर आहे ना, हे आधी पाहून ठेवले होते. त्यानंतर तार साध्या भोकातून साध्या भोकात. वॅनचे भोक रिकामे. हीच माझी पहिली जोडणी, हे ध्यानात आले असेलच! तार तीच होती. बदलला होता तो फक्त अधिकार.

नवा पत्ता राउटरच्या पोटाला चिकटपट्टीवर लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी आत शिरायला वाट सापडत नाही. तसे झालेच तर मागच्या बारीक भोकात टाचणी दहाएक सेकंद दाबून धरायची की तो पुन्हा कोरा होतो, आणि पहिल्यापासून सुरुवात.

आणखी एक रस्ता सांगतात. कंपनीच्या डब्याचीच कारभारकी बंद करून त्याला 'ब्रिज' करायचे आणि सगळा कारभार आपल्या राउटरकडे द्यायचा. शौकिनांना तो आवडतो. पण घरचा टेलिफोन त्याच डब्यावर असेल तर तो मुका होऊ शकतो. कंपनीला विचारल्याशिवाय तिकडे हात घालू नये. मी घातला नाही. आणि मुंबईत बसून गावच्या घरातला कॅमेरा पाहता येत नसेल, तर दोष आपल्या घरात नसूही शकतो. हल्ली काही कंपन्या एकच पत्ता अनेक घरांत वाटून देतात. डब्याच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असला, तर तुमचा वाडाच कंपनीच्या मोठ्या वाड्यात आहे असे समजावे.

तारेबद्दल कंजुषी नको. 'कॅट फाइव्ह ई' जातीची तार १०० मीटरपर्यंत चालते, आपल्याला पंचवीसही लागत नाही. विजेच्या तारांना खेटून मात्र ती नेऊ नये. तारेवाचून हवेतूनच पुढे ढकलणारी उपकरणे मिळतात, पण त्यांतली स्वस्त उपकरणे ऐकतात आणि बोलतात एकाच तोंडाने, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. दोन्ही डब्यांना वाय-फायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला की फोन खोलीगणिक आपला आपण बदलतो. काही हट्टी फोन जुन्यालाच चिकटून बसतात, त्यांचे वाय-फाय एकदा बंद करून चालू करावे. चॅनेल मात्र निराळे ठेवा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत. पुढच्याला १ दिला, मागच्याला ११. पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान खरा, पण आमच्या भिंतीपुढे त्याने केव्हाच हात टेकले. लोखंडी कपाटाच्या मागे राउटर लपवू नका, दिसायला कितीही बरे वाटले तरी.

पुढच्या कॉलला डॉक्टरांनी पुन्हा पाय दाखवायला सांगितले. वहिनीने फोन आईच्या घोट्याजवळ धरला, बोटाने दाबून खळगा पडतो का ते दाखवले. खळगा पडला, आणि बराच वेळ भरून आला नाही. डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला आणि दोन दिवसांत तपासणीला घेऊन या म्हणाले. आई म्हणाली, "मी तर बरी होते!"

आता राहिला विजेचा प्रश्न. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, तेव्हा मी पहिल्यांदा पुढच्याच डब्याला छोटी बॅटरी लावली होती. अंधारात ओसरीवर नेट चालू, आईच्या खोलीत बंद. बॅटऱ्या दोन लागतात, एकेका डब्याला एकेक.