तीन रकाने वाचायला शिकू या



जमातीचा वार्षिक हिशोब मांडला की आपण बारकाईने विचारतो: वर्गणी किती आली, दुरुस्तीला किती गेली, शिल्लक किती? सरकारी पैशाबाबत मात्र आपण ‘समाजाला काय मिळालं?’ एवढंच विचारून थांबतो. मोबाइलच्या रिचार्जवरही आपण १८ टक्के जीएसटी भरतो. म्हणजे हा हिशोबही आपलाच आहे.

अर्थसंकल्पात तीन रकाने महत्त्वाचे: अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाचं उदाहरण घ्या. २०२२-२३ साठी अंदाज होता सुमारे ५,०२० कोटी रुपये. तोच सुधारित अंदाजात सुमारे २,६१३ कोटींवर आला. २०२३-२४ ची तरतूद झाली सुमारे ३,०९८ कोटी. पहिल्या आकड्याशी तुलना केली तर ही मोठी कपात, दुसऱ्याशी केली तर वाढ! दोन्ही बाजू खरे आकडे सांगून भांडू शकतात. कुठला रकाना कशाशी ताडला, हे ज्याला कळतं त्याचीच फसगत होत नाही.

हे शिक्षण आपल्या मातीला नवं नाही. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले गणित शिकवायचे. १९०२ साली कायदेमंडळात सरकार शिलकीचा अभिमान मिरवत असताना त्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवले. लोक दुष्काळाने गांजलेले असताना तिजोरीत शिल्लक राहते, याचा अर्थ कर जास्त आहेत, असं त्यांनी मांडलं. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. यामागे अनेकांचे प्रयत्न होते, पण गोखल्यांच्या अभ्यासाने त्या मागणीला वजन आलं.

मी इंजिनिअर आहे. आपली मुलं इंजिनिअर व्हावीत, आखातातही जावीत. पण प्रत्येक मोहल्ल्यातल्या एखाद्या मुला-मुलीने सार्वजनिक वित्त हा विषय घ्यावा. पुण्यात गोखल्यांच्याच नावाची अर्थशास्त्राची संस्था १९३० पासून आहे.

तोवर आपण एक काम करू. नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पाची प्रत मागू. मिळाली नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. आपल्या प्रभागातली शाळा, गटार, पाणी यांच्यासमोरचे तिन्ही रकाने एकत्र बसून वाचू. मग निवेदन लिहू. त्यात नुसती तक्रार नसेल, आकडाही असेल.