जुन्या वास्तूत पान कुणासाठी मांडावे?

परगावी गेलेला पाहुणा दोन प्रश्न हटकून विचारतो. येथे पाहण्यासारखे काय आहे, हा पहिला. आणि जेवायचे कोठे, हा दुसरा. बडोद्यात या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा दोन दिशांना नेतात. पाहायचे ते जुन्या शहरात किंवा राजवाड्याच्या आवारात, आणि जेवायचे ते नव्या वस्तीतील एखाद्या थंडगार उपाहारगृहात, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. ही वाटणी योग्य आहे काय, आणि जुन्या वास्तूंचा जीर्णोद्धार होत असताना तेथे खाण्यापिण्याची सोय असावी काय, असल्यास कशी व कुणासाठी, याचा थोडा विचार आज करू.

हा प्रश्न बडोद्यापुढे प्रत्यक्ष उभा आहे. सूरसागराच्या जवळ न्यायमंदिराची भव्य इमारत आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १८९६ साली, ती पूर्ण झाली. तिचा आराखडा रॉबर्ट चिझम या वास्तुशिल्पज्ञाचा; मेजर मँट यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम तडीस नेले ते याच गृहस्थांनी. न्यायमंदिराची ही वास्तू मुळात भाजीबाजारासाठी योजिली होती, असे बडोद्यातील जाणते लोक सांगतात. पुढे तेथे न्यायासने मांडली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या पक्षकारांनी तिच्या पायऱ्या झिजविल्या. २०१८ साली न्यायालये दिवाळीपुऱ्यातील नव्या संकुलात गेली. त्यानंतर या वास्तूत शहराचे संग्रहालय करावे, भोवतालच्या चौकाचा उद्धार करावा, असा विचार पुढे आला.

विचार उत्तम आहे. परंतु केवळ पाहण्यासाठी राखलेली वास्तू म्हणजे काचेच्या कपाटातील शालू होय. पाहुणा एकदा येतो, माना वर करून कमानी पाहतो, आणि निघून जातो. गावकरी तर तेवढेही येत नाही. ‘ते काय, आपल्याच गावचे आहे, केव्हाही पाहू’ असे म्हणण्यात त्याचा जन्म जातो. वास्तूला माणसांची ये-जा हवी असते. आणि माणसाला पुन्हा पुन्हा आणणारे, त्याला घटकाभर बसविणारे, अन्नासारखे दुसरे साधन नाही.

ही गोष्ट इतरांनी फार पूर्वी ओळखली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयाने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच आपल्या आवारात उपाहारगृह काढले. जगातील संग्रहालयांत ते पहिले मानले जाते. त्याची एक खोली विल्यम मॉरिस यांच्या मंडळींनी सजविली, आणि आजही लोक तेथे चहा घेतात. त्या काळी तेथे पहिल्या व दुसऱ्या वर्गाची वेगवेगळी खाद्यपत्रके असत. वर्गभेद आपणांस रुचणार नाही; पण कमी पैशांच्या माणसासही येथे खाता आले पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती, हे विसरू नये. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे गिरार्डेली यांचा चॉकलेटचा जुना कारखाना पाडला जाण्याचे भय होते. तो विकत घेऊन, विटांच्या इमारती तशाच ठेवून, १९६४ साली तेथे दुकाने व उपाहारगृहे उघडली गेली. कारखाना वाचला तो लोकांच्या पायांनी.

इतक्या दूर तरी कशाला जावे? बडोद्याच्या गोरवा भागात अलेम्बिकचा जुना कारखाना आहे. १९०७ साली प्राध्यापक गज्जर, त्यांचे महाराष्ट्रीय शिष्य कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी तो उद्योग उभारला. त्यांतील जुन्या इमारती पाडण्याऐवजी दुरुस्त करून चित्रकार-शिल्पकारांना काम करण्यासाठी व प्रदर्शनांसाठी दिल्या गेल्या. जेथे अर्क गाळले जात तेथे आता चित्रे रंगतात. आणि याहून जुना दाखला तर नगरपालिकेच्या घरचाच आहे. १९०६ सालचे खंडेराव मार्केट पाहा. त्या देखण्या वास्तूत महानगरपालिकेचे कार्यालय बसले आणि तिच्या पाठीशी भाजी, फळे, फुले यांचा बाजार चालत राहिला. कारभार आणि कोथिंबीर एकाच आवारात नांदू शकतात, हे बडोद्याला कुणी परदेशातून येऊन शिकविण्याची गरज नाही.

मात्र ‘सोय करा’ म्हणणे सोपे आणि करणे जोखमीचे असते. सर्वच जुन्या वास्तू या कामास योग्य नव्हेत. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा घ्या. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा. त्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील चित्रे आहेत. तेथे चूल पेटवणे म्हणजे त्या चित्रांवर काजळी फासणे होय. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत आणि ती गायकवाड घराण्याची स्मारकभूमी आहे. तेथेही पंगत शोभणार नाही. सर्वत्र खावे असे नव्हे. कोठे खाऊ नये, हे कळणे हीच पहिली पायरी.

जेथे खावयाचे तेथेही काही पथ्ये पाळावी लागतात. फोडणीचा धूर आणि तेलाची वाफ दगडात मुरते. वालुकाश्मावरचा तेलाचा डाग सहजी निघत नाही. चुन्याची भिंत श्वास घेते; तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवून मोरी काढली, तर ओल आतल्या आत कोंडते आणि भिंत फुगते. म्हणून स्वयंपाकघर मुख्य इमारतीबाहेर, मागील अंगणात, नव्या साध्या छपराखाली असावे. शिजलेले अन्न तेवढे आत किंवा ओसरीवर यावे. बाके व मेजे सुटी असावीत. भिंतीत खिळा ठोकू नये. सांडपाण्याची वाट पायापासून दूर न्यावी. खरकट्याची व्यवस्था त्याच दिवशी व्हावी, नाहीतर पाहुण्यांआधी उंदीर-घुशींचीच वर्दळ व्हायची. या गोष्टी दिसण्यात क्षुल्लक आहेत. परंतु एका निष्काळजी खानावळीने दहा वर्षांत केलेली हानी शंभर पावसाळ्यांनीही केलेली नसते.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पान कुणासाठी मांडावे, आणि पानात काय वाढावे?

जीर्णोद्धार झाला की आवाराची किंमत वाढते. किंमत वाढली की भाडे वाढते. आणि भाडे वाढले की जो पूर्वीपासून तेथे होता त्यालाच प्रथम उठावे लागते. न्यायमंदिर-मांडवीचा परिसर हा लाऱ्यांचा परिसर आहे. सेवउसळ, भाखरवडी, बटाट्याचा कीस आणि चण्याची डाळ घातलेला ओलसर लीलो चेवडो, पेढे, ही बडोद्याची खरी ओळख. सेवउसळीचेच पाहा ना. उसळ हा आपला मराठी शब्द. वाटाण्याची उसळ, तिच्यावर झणझणीत तरी आणि वर मूठभर गुजराती शेव. गायकवाडांबरोबर आलेले मराठी स्वयंपाकघर आणि गुजरातचे फरसाण एका थाळीत असे भेटले की कोणते कुणाचे हे सांगता येऊ नये. मराठी आणि गुजराती या दोन भाषांचा संसार बडोद्याने कसा केला, हे सांगणारा दस्तऐवज संग्रहालयात मांडायचा असेल, तर तो खाता येण्याजोगा आहे!

असे असता त्या आवारात परदेशी नावांचे पदार्थ दुप्पट किमतीने विकावेत आणि उसळवाल्याला मात्र कुंपणाबाहेर उभे करावे, हा कोणता न्याय? ज्या इमारतीत शंभराहून अधिक वर्षे न्याय मागितला गेला, तिच्याच दारी असा अन्याय होऊ नये. २०१४ साली केंद्राने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. नगर पथविक्रय समितीच्या विचाराने त्यांच्या जागा ठरवाव्यात, असे त्यात सांगितले आहे. आवाराचा नकाशा आखतानाच या विक्रेत्यांसाठी ओटे, स्वच्छ पाणी, निचऱ्याची मोरी व दिवा यांची तजवीज केली, तर स्वच्छताही साधेल आणि कुणाचे पोटही जाणार नाही. बडोद्याच्या विद्यापीठात हंसा मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली; अन्नाची शुद्धता व पोषण यांचे ज्ञान गावातच आहे. विद्यार्थिनींचे शास्त्र आणि लारीवाल्याचा हात यांची गाठ घालून देणे एवढेच काम उरते.

ज्याला भारी जेवण हवे त्याला ते जरूर मिळो. त्यातून वास्तूच्या देखभालीस चार पैसे येत असतील तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्याच आवारात खेड्यातून आलेल्या कुटुंबाला पोटभर उसळ-पाव मिळावा, शाळेच्या मुलांनी आणलेला डबा उघडण्यास सावलीतला ओटा मिळावा, आणि काही विकत न घेता नुसते पाणी पिऊन बसणाऱ्या वृद्धाला कुणी उठवू नये. राजाने बांधलेली वास्तू लोकांची झाली असे आपण म्हणतो. ती खरोखर लोकांची झाली की नाही, हे दारावरच्या पाटीवरून कळत नाही. आत कुणाला बसून जेवता येते, यावरून कळते.