ट्रायकोडर्मा म्हणजे औषध नाही : मामाच्या हरभऱ्याची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, थोडं आवरून.)

  लोकलमध्ये ऐकत असाल तर दरवाज्यातून जरा आत या, मग पुढे ऐका.

आज माझ्या एका चुकीबद्दल बोलायचंय. मी डोंबिवलीत राहतो, ठाण्याला ऑफिस, काम सॉफ्टवेअरचं. शेतीशी माझा संबंध एवढाच की आजोळ मुरबाडच्या पुढे आहे. कल्याणहून एसटी पकडायची, माळशेजच्या रस्त्याला लागायचं आणि मधे उतरून चालायचं. मामाची भातशेती आहे. भाताची कापणी झाली की खाचरात उरलेल्या ओलीवर तो वाल आणि हरभरा पेरतो. बांधालगत थोडी वांगी. वांगी विकून रोजचा खर्च निघतो आणि हरभऱ्यातून मामीचे पैसे सुटतात. हे पैसे मामीचेच, हा घरातला नियम.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. हिरव्या हरभऱ्यात मधेमधे पिवळे गोल. रोपं माना टाकून उभी. खाली लिहिलेलं, "मर लागली. नेटवर बघ काय ते."

मी पंधरा मिनिटं शोधलं आणि एकदम एक्स्पर्ट झालो. फोन करून म्हटलं, "मामा, ट्रायकोडर्मा आण. जैविक आहे, साइड इफेक्ट नाही." तो बिचारा तालुक्याला जाऊन दोन पुड्या घेऊन आला. घरात पत्र्याखालच्या फळीवर आठवडाभर ठेवल्या. मग पाण्यात कालवून मेलेल्या रोपांच्या बुडाशी ओतलं. वर मीच सांगितलं होतं की सोबत कार्बेन्डाझिमची आळवणी पण करून टाक, डबल सेफ्टी.

पिवळे गोल वाढतच गेले. त्या वर्षी मामीच्या हातात जवळपास काहीच आलं नाही. दिवाळीनंतरच्या एका लग्नात आईसमोर मामा हसत म्हणाला, "भाचा हुशार आहे गं, पण रोपांना त्याचं इंग्रजी कळलं नाही." सगळे हसले. मामी हसली नाही.

तेव्हा मी नीट वाचायला बसलो. कृषी सहायकांना विचारलं, विद्यापीठांच्या मराठी पुस्तिका चाळल्या. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

जमिनीखाली काय चालतं

हरभऱ्याची मर फ्युजेरियम नावाच्या बुरशीमुळे होते. ती मुळातून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्ये वाढते. नळ्या तुंबतात. जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरतं. असं रोप उपटून खोड उभं चिरलं की आत तपकिरी-काळी रेघ दिसते. म्हणजे आपल्याला वर पिवळं पान दिसेपर्यंत आतली पाइपलाइन बंद झालेली असते. अशा रोपाच्या बुडाशी काहीही ओता, ते परत उभं राहत नाही.

आणि ही बुरशी चिवट आहे. जाड कवचाचे बीजाणू करून ती हरभरा नसतानाही जमिनीत सहा-सहा वर्षं टिकते. बियाण्यासोबतही येते.

आता ट्रायकोडर्मा. ही पण बुरशीच, पण आपल्या बाजूची. १९३२ मध्ये वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने दाखवलं की ट्रायकोडर्मा दुसऱ्या रोगकारक बुरशीवर जगते, तिला खाते. ती शत्रूच्या तंतूंना वेटोळे घालते, त्यांची भिंत विरघळवणारी विकरं सोडते आणि आतलं शोषून घेते. शिवाय काही विषारी द्रव्यंही बनवते. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तिचं तिसरं काम : जागा अडवणं. मुळाभोवतीची जागा आणि अन्न तिने आधी व्यापलं की मागून येणाऱ्याला शिरायला कठीण जातं. लोकलमधल्या विंडो सीटसारखं. कल्याणला बसलेला माणूस ठाण्याला चढलेल्यासाठी उठत नाही.

म्हणून ट्रायकोडर्मा पेरणीच्या आधी किंवा पेरणीसोबत द्यायची असते. मी ती रोग आल्यावर दिली.

दुसरी चूक, कार्बेन्डाझिम. ते बुरशीनाशक आहे आणि ट्रायकोडर्मा बुरशी आहे. पुढे वेगळं सांगायला नको. मी मामाला एका हाताने जिवंत फौज पेरायला लावली आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर विष ओतायला लावलं.

तिसरी चूक, पत्र्याखालची फळी. पुडीत जिवंत बीजाणू असतात. आपल्याकडे ट्रायकोडर्माची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते आणि एका ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत घटक असावेत असा निकष आहे. पुडीवर 'सीएफयू' म्हणून लिहिलेलं असतं ते हेच. पण ऊन लागलं, मुदत उलटली की आत नुसती पांढरी पूड उरते. दुधाची पिशवी आपण जशी तारीख बघून घेतो आणि सावलीत ठेवतो, तशीच ही.

सगळी मर एक नसते

पुढच्या पावसाळ्यानंतर मामाचा व्हिडिओ कॉल आला. आता वांगी माना टाकत होती. "ट्रायकोडर्मा आणू का?" त्याच्या आवाजात थोडा टोमणा होता. या वेळी मी लगेच हो म्हटलं नाही.

म्हटलं, "मामा, एक रोप उपट. बुडाजवळचा दोन बोटं तुकडा काप आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धर. ग्लास हलवू नको." मामीने फोन धरला. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरायला लागले. मामा बघतच राहिला.

हे धागे म्हणजे जिवाणू. वांगी, टोमॅटो, मिरचीत कोकणातल्या दमट हवेत ही जिवाणूजन्य मर खूप येते. गावात दोन्हींना 'मर'च म्हणतात, पण इथे ट्रायकोडर्माच्या भरवशावर बसून उपयोग नाही. सुडोमोनास नावाचा उपयोगी जिवाणू आधीपासून रोपांना देतात, त्याने थोडीफार मदत होते. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपंही मिळतात, ती या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतात. आणि पुढच्या वेळी त्या जागी वांगी-टोमॅटो-मिरचीच्या कुळातलं काही घ्यायचं नाही. मामाने आजारी रोपं उपटून जाळली. दोन पुड्यांचे पैसे वाचले. मला माझी इज्जत थोडी परत मिळाली.

तर रोप मेलं की आधी खोड चिरा, ग्लासात धरा, मग दुकानात जा. कृषी सहायकाला फोटो दाखवा. फक्त 'मर रोग उपाय' एवढंच सर्च करू नका.

गेल्या वर्षीचा हरभरा

नोव्हेंबरमध्ये मी चार दिवस सुट्टी काढून गावाला गेलो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं 'विजय' हे वाण मर रोगाला चांगलं तोंड देतं, ते बियाणं आणलं. हरभऱ्याचं खाचर बदललं. एक किलो ताजी ट्रायकोडर्मा शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, पाणी शिंपडून, सावलीत ओल्या गोणपाटाखाली दहा-बारा दिवस ठेवलेली. हे मामाने आधीच केलं होतं. गोणपाट उचललं तर खतावर हिरवट बुरशी धरलेली. मामी म्हणाली, "खत नासलं की काय?" म्हटलं, हेच तर पाहिजे होतं.

मग बीजप्रक्रिया. किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा, थोडं पाणी शिंपडून हाताने हलकं चोळायचं. त्यावर रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत. सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. रासायनिक औषध लावायचंच असेल तर ते सगळ्यात आधी, आणि पुडीवर वाचून, कृषी सहायकाला विचारून. सगळं एकत्र कालवायचं नाही.

पीक चांगलं आलं. काही रोपं गेली, पण ते मोठे पिवळे गोल दिसले नाहीत. मामीने घाटे तोडून पहिली पिशवी डोंबिवलीला पाठवली.

आता खरं सांगतो. हे ट्रायकोडर्मामुळे झालं का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मी वाण बदललं, खाचर बदललं, खत दिलं, बीजप्रक्रिया केली, सगळं एकाच वेळी. ऑफिसात कोणी चार बदल एकदम टाकून 'बग गेला' म्हटलं तर मी त्याला उभं करीन. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "पीक आलं ना? मग श्रेय चौघांत वाटून टाक."

आलं, हळद पिकवणाऱ्यांनाही कंदकुजीसाठी ट्रायकोडर्मा सुचवतात, लागवडीच्या वेळीच. तिथेही हाच हिशेब. चांगलं बियाणं, पाण्याचा निचरा आणि पिकांची फेरपालट यांच्या जोडीला ती काम करते. एकटीच्या जिवावर शेत सोडायचं नाही.

यंदा मी भीतभीत एक गोष्ट मागितली. "मामा, एक पट्टा ट्रायकोडर्माशिवाय ठेवशील? बाकी सगळं सारखं. मी दोन्हीकडची मेलेली रोपं मोजीन." गेलेल्या रोपांचं नुकसान त्याचं, कुतूहल माझं. तो काही बोलला नाही. मामीकडे बघितलं. पैसे तिचे होते.

मामी म्हणाली, "बांधाकडच्या चार ओळी ठेव. पण मोजायला याने स्वतः यायचं. फोटोवर नाही."

तर मंडळी, डिसेंबरपासून दर दुसऱ्या रविवारी मी कल्याणच्या एसटी स्टँडवर आहे. आकडे जे येतील ते इथेच सांगीन, माझ्या बाजूचे नसले तरी. तुमच्या गावाकडे कोणी हे केलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.