शाळेतील गाणे व घरातील गाणे



शाळेत पेटी नाही, मग संगीत कसे शिकवावे, असे आपण विचारता. आपल्याच जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीवर गावोगावची माणसे भजनात रंगविली. तेव्हा साधनांची वाट पाहू नये.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातील मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात. टिपऱ्यांवरील त्यांचा ताल चुकत नाही. त्याच मुली वर्गात ओठ मिटून बसतात. त्यांना आईआजीकडील एकेक गाणे शाळेत आणावयास सांगावे. शाळेतील गाणे घरी ऐकवावयास सांगावे. टिपऱ्या मुलांच्या हातीही द्याव्यात.

माझ्या हातून एक चूक घडली. स्नेहसंमेलनाच्या तयारीत एका मुलास मी म्हणालो, "तू नुसते ओठ हलव." पुढे तो वर्गात कधीच गायला नाही. अशा मुलास सुरेल सोबत्याजवळ बसवावे, सूर खाली धरावा व लहान ओळ पुनःपुन्हा म्हणवून घ्यावी, हे मला उशिरा उमगले.

दररोज दहा मिनिटे सर्वांनी मिळून गावे. एकही मूल वगळू नये, एवढीच माझी विनंती आहे.